वाढ मोजणारी पट्टी

उत्तर बरोबर आले, की संगणक पुढचा प्रश्न जरा अवघड देतो; चुकले, की सोपा. त्यामुळे ‘मॅप’ या अमेरिकी चाचणीत हुशार मुलाचेही साधारण निम्मे प्रश्न चुकतात! गुण ठरतात ते कोणत्या काठिण्यपातळीचे प्रश्न सुटले यावरून. डेन्मार्कच्या गेऑर्ग राश यांचे हे गणित आम्हाला आवडते. तिसरीचे नि आठवीचे मूल त्यात एकाच पट्टीवर येते. पण वाढ म्हणजे दोन मोजमापांची वजाबाकी, आणि त्रुटी दोन्हींत असते. वरच्या वर्गांत वर्षभराची अपेक्षित वाढच त्रुटीपेक्षा लहान असू शकते. अशा वजाबाकीवरून शिक्षकाला जोखणे आम्हाला पटत नाही. सिअ‍ॅटलच्या गारफील्ड हायस्कूलमधील शिक्षकांनी २०१३ साली ही चाचणी घेण्यास नकार दिला, त्यात हाही आक्षेप होता. त्याच वर्षी तेथील हायस्कूलांना ती ऐच्छिक झाली.