वचन : भिंतीवरचे आणि चुलीपुढचे

धर्मग्रंथातील वचनाला घरात दोन जागा असतात. एक भिंतीवरची, दुसरी चुलीपुढची. भिंतीवरचे वचन चौकटीत बसते, दिनदर्शिकेच्या पानावर छापले जाते आणि येणाऱ्याजाणाऱ्याच्या नजरेस पडते. चुलीपुढचे वचन कुणाला दिसत नाही. पण पिठाचा डबा रिकामा असता दारी पाहुणा आला की तेच पुढे होते, अथवा मागे सरते. गीतेतील कर्मफलाविषयीचा श्लोक असो किंवा बायबलातील एखादे वाक्य असो, त्याची खरी परीक्षा या दुसऱ्या जागीच होते.

बायबलातील जी वचने ख्रिस्ती कुटुंबांत फार प्रिय आहेत, त्यांतील दोनच पाहू. पौलाच्या फिलिप्पैकरांस पत्रातील चौथ्या अध्यायात, मला सामर्थ्य देणाऱ्याच्या बळावर मी सर्व काही करू शकतो, अशा आशयाचे एक वाक्य आहे. परीक्षेला निघालेल्या मुलाच्या वहीवर ते लिहिले जाते, नव्या दुकानाच्या पाटीखालीही शोभते. पण पौल हे पत्र बंदिवासातून लिहीत होता, आणि या वाक्याच्या अगोदरच तो सांगतो, की पोटभर असताना आणि उपाशी असतानाही कसे राहावे हे मी शिकलो आहे. म्हणजे ‘सर्व काही’ यात यश येते तसे अपयशही येते. किंबहुना अपयश सोसण्याचीच ही भाषा आहे. दुसरे वचन यिर्मयाच्या २९व्या अध्यायातील, देवाच्या मनात आपल्या भल्याचेच बेत आहेत असे सांगणारे. ते मुळात बाबेलात हद्दपार झालेल्या लोकांना धाडलेल्या पत्रातले आहे. त्याच पत्रात ७० वर्षांची मुदत सांगितली आहे. घरे बांधा, बागा लावा, ज्या परक्या नगरात आहात त्याचे कल्याण चिंता, असेही बजावले आहे. ऐकणाऱ्यांपैकी बहुतेकांना ती सुटका डोळ्यांनी दिसणार नव्हती! मधले ओझे वगळून गोड शब्द तेवढे उचलले, की वचन आशीर्वादाचे राहत नाही, लाडाचे होते.

वचन संसारात कसे उतरते हे पाहायचे तर मराठीत एका पुस्तकाकडे वळावे लागते. १९३४ पासून भागशः प्रसिद्ध झालेली लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ हे ते पुस्तक. ख्रिस्ती वाचक त्यात धर्मांतराची साक्ष शोधतो, इतर वाचक त्यातल्या घरगुती विनोदावर लुब्ध होतो. आणि दोघांच्याही हातून एक गोष्ट निसटते. हे पुस्तक वचनांचे प्रवचन करीत नाही, वचनांचा हिशेब मांडते.

नारायण वामन टिळकांना १८९३ साली राजनांदगावच्या आगगाडीच्या प्रवासात एका सहप्रवाशाने नवा करार दिला. त्यातील डोंगरावरच्या प्रवचनाने त्यांचे मन वेधले आणि १८९५ साली मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्या प्रवचनात, उद्याची चिंता करू नका, मागेल त्याला द्या, अशी आज्ञा आहे. टिळकांनी ती अक्षरशः पाळली. हातात पैसा आला की तो गेला, दारी कोणी आले की ते घरचे झाले. पण ज्या घरात एकाने उद्याची चिंता सोडली, तेथे ती दुसऱ्या कोणाला तरी उचलावीच लागते. टिळकांच्या घरी ती लक्ष्मीबाईंनी उचलली. वचन पाळण्याचे पुण्य एकाच्या खाती आणि खर्च दुसऱ्याच्या खाती, असा हा संसार होता.

लक्ष्मीबाई हे सारे हसत हसत सांगतात. त्यांच्या त्या हसण्यात क्षमा आहे आणि अचूक नजरही आहे. तथापि ते हसू टिळकांना कधी कधी फारच स्वस्तात सोडते, असे म्हटल्यावाचून राहवत नाही. दानशूर पतीच्या कथा वाचताना आपण त्याच्या औदार्याने दिपतो. त्या औदार्याला कोणी पुरवठा केला, हा प्रश्न वाचकालाच विचारावा लागतो.

आणि तरीही या पुस्तकातील वचनाचा सर्वांत मोठा विजय लक्ष्मीबाईंचाच आहे. सोवळ्याओवळ्याचे टोक गाठलेल्या वडिलांच्या घरात त्या वाढल्या. पतीच्या बाप्तिस्म्यानंतर काही वर्षे त्या दूर राहिल्या. पुन्हा एकत्र आल्यावरही आपले पाणी आणि स्वयंपाक त्यांनी वेगळाच ठेवला. पुढे एक दिवस त्यांनी आपल्याच बुद्धीला प्रश्न केला, की हे जातिभेद देवाचे की माणसाचे? उत्तर मिळताच त्यांनी तो भेद टाकला. १९०० साली त्यांचा बाप्तिस्मा झाला तो या मनाच्या शुद्धीनंतर. प्रेषितांच्या कृत्यांच्या १०व्या अध्यायात भुकेल्या पेत्राला धाब्यावर एक दृष्टांत होतो आणि देवाने शुद्ध केलेले अशुद्ध मानू नये हे त्याला कळते. लक्ष्मीबाईंना दृष्टांत झाला नाही. त्यांनी विचार केला आणि दुसऱ्याच्या हातचे पाणी प्यायल्या. पेत्राचा अध्याय त्यांच्या घरी असा उतरला. वचन पाठ असण्यापेक्षा ते कृतीतून पुन्हा सापडणे हे केव्हाही मोठे.

‘स्मृतिचित्रे’चे इंग्रजी भाषांतर १९५० साली प्रसिद्ध झाले, त्याचे नाव ‘आय फॉलो आफ्टर’. वरवर पाहता ते पतीच्या मागून जाणाऱ्या पत्नीचे वर्णन वाटते. पण हे शब्द राजा जेम्सच्या इंग्रजी बायबलात त्याच फिलिप्पैकरांस पत्रात, तिसऱ्या अध्यायात येतात. मी अजून पोहोचलो नाही, पण मागोवा घेत चाललो आहे, असा तेथे पौलाचा भाव आहे. ज्या पत्रातले ‘सर्व काही’ आपण भिंतीवर लावतो, त्याच पत्रातले हे ‘अजून नाही’ कोणी चौकटीत बसवत नाही. लक्ष्मीबाईंनी ते संसारात बसवले. यंदाच्या दिवाळीत पाहुण्यांची ये-जा आणि फराळाची गडबड ओसरली, की हे पुस्तक पुन्हा उघडावे. आणि आपल्या घरी वचन कोण म्हणते व त्याचा खर्च कोण सोसते, एवढे मात्र वाचता वाचता पाहून घ्यावे.