आजारी कोंबडी ओळखणारी नजर

धरमतरच्या खाडीकाठी, पेण-वडखळच्या खारेपाटात, घरामागे पाच-दहा गावरान कोंबड्या असतात. त्यांतली एखादी आजारी पडली की घरची बाई तिचं जे जे करते, त्याला कुणी कला म्हणत नाही. मला ती अस्सल कला वाटते आणि तिचा गाभा नजरेत आहे.

ही नजर दिसते ती संध्याकाळी, कोंबड्या डालताना, म्हणजे रात्रीसाठी कोंडताना. कोंबडी दुखणं लपवते, कारण अशक्त दिसली की सोबतिणीच तिला टोचून काढतात. थॉर्लिफ श्येल्डेरुप-एब्बे या नॉर्वेजियन अभ्यासकाने १९२१ साली कोंबड्यांमधली ही टोचण्याची उतरंड मांडली. म्हणून दिवसभर आजारी कोंबडी दाण्यांवर चोच मारत राहते. डालायच्या वेळी मात्र मागे रेंगाळते, पंख सैल सोडते, मान आखडून घेते, आणि बाईच्या ते लगेच ध्यानात येतं.

खुडूक, म्हणजे अंडी उबवायला बसलेली कोंबडी आणि आजारी कोंबडी वेगळी ओळखणं हा या कलेतला सर्वांत नाजूक भाग. दोघीही फुगून बसतात, दोघीही खाणं सोडतात. पण खुडूक कोंबडीच्या पोटाखाली हात घाला, ती गुरगुरेल, टोचेल. तिचा डोळा टक्क उघडा असतो. आजारी कोंबडी मुकाट हाती येते आणि तिची खालची पापणी वर सरकत मिटते. पहाटे बाई तिच्या गळ्याखालची पिशवी चाचपते. रात्रभरात ती रिकामी व्हायला हवी. टणक लागली तर चारा तिथेच अडकलाय. विष्ठेत रक्त दिसलं तर पावसात ओल्या राहिलेल्या खुराड्यातली रक्ती हगवण मनात येते.

मग आजारी कोंबडी वेगळी डालली जाते, खाली कोरडं भाताचं तूस घालून, वारा न लागणाऱ्या कोपऱ्यात. कोंबडीच्या अंगात ४१-४२ अंश सेल्सियस ऊब असते. न खाता ती टिकवणं तिला जड जातं. पाणी पाजणंही पाहण्यासारखं असतं. श्वासनलिकेचं तोंड जिभेच्या मागेच असल्यामुळे घशात पाणी ओतलं तर ती गुदमरते. बाई चोचीच्या कडेला थेंब लावते आणि कोंबडी गिळेपर्यंत थांबते. धरतानाही छाती आवळत नाही. कोंबडीला आपल्यासारखं श्वासपटल नसतं, छाती हलली तरच श्वास चालतो.

पथ्य मात्र खास खाडीकाठचं. तांदळाची पेज असते, पण बिनमिठाची. सुकटाचा चुरा आणि मचूळ पाणी तिच्यापासून दूर ठेवायचं, कारण जादा मीठ कोंबडीला सोसत नाही. तहान वाढते, हगवण लागते. तीच खाडी शिंपलेही देते. बरी होऊन पुन्हा अंड्यावर आली की त्यांचा चुरा कवचाला बळ देतो.

आपली मर्यादा ओळखण्यात या कलेची खरी उंची आहे. मानमोडी, म्हणजे रानीखेत, एकदा जडली की त्यावर औषध नाही. म्हणून तिच्यावरची लासोटा लस पिल्लांना पहिल्या आठवड्यातच द्यावी लागते. बर्ड फ्लूपुढे तर घरगुती सेवा थांबलीच पाहिजे. २००६ साली नवापूरला तो आला, जानेवारी २०२५मध्ये पेणच्याच जिल्ह्यात, उरणच्या चिरनेरला. एकाएकी अनेक कोंबड्या मेल्या तर उघड्या हाताने त्यांना शिवू नये, कापू नये, विकू नये. पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावं.

बाजारभावाच्या हिशेबात ही सेवा बसत नाही, तरी ती पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. लस आणि औषध दवाखान्यात मिळेल. नजर मात्र घरातच घडते. जिच्यापाशी ती आहे, तिच्याकडून घरातल्या मुलांनी ती आजच शिकून घ्यावी.