विषमतेचे गणित आणि जातीचा रकाना

विषमतेवर आपल्याकडे भाषणे पुष्कळ झाली. तिचे मोजमाप मात्र थोड्यांनीच केले. म्हणूनच नितीनकुमार भारती, लुकास शान्सेल, थॉमस पिकेटी आणि अनमोल सोमांची यांनी मार्च २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेला भारतातील विषमतेवरील निबंध मी आस्थेने वाचला. पॅरिसच्या वर्ल्ड इनइक्वॅलिटी लॅबमध्ये देशोदेशीचे संशोधक मिळून जे काम करीत आहेत, त्याचाच हा भाग. १९२२ पासूनचे आयकराचे तक्ते, राष्ट्रीय उत्पन्नाचे हिशेब, नमुना पाहण्या आणि अब्जाधीशांच्या याद्या एकत्र जुळवून त्यांनी अंदाज मांडला : २०२२-२३ मध्ये वरच्या एक टक्का लोकांकडे देशाची ४०.१ टक्के संपत्ती आणि २२.६ टक्के उत्पन्न होते. खालच्या निम्म्या जनतेच्या वाट्याला उत्पन्नाचे अवघे १५ टक्के. एकट्यादुकट्या अभ्यासकाच्या आवाक्यातले हे काम नव्हे.

तरीही माझे समाधान झाले नाही. आयकराच्या अर्जात जातीचा रकाना नाही. नमुना पाहणी अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, इतर मागासवर्ग आणि ‘इतर’ एवढेच गट ओळखते. बाबासाहेबांनी उलगडून दाखवलेली विषमता तर श्रेणीबद्ध आहे; ती पायरीपायरीने उतरते. चार गटांत या पायऱ्या लपून जातात. गटार उपसणारा आणि दोन एकर जमीन कसणारा, दोघेही एकाच रकान्यात बसतात.

हा दोष केवळ संशोधकांचा नाही. १९३१ नंतर देशातील सर्व जातींची जनगणना प्रसिद्धच झाली नाही. याच मंडळींनी पुढे मोठ्या संपत्तीवर कर सुचवताना जातीचाही विचार केला, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. परंतु जे शासनाने विचारलेच नाही, ते पॅरिसमध्ये बसून कसे कळणार?

आगामी जनगणनेत जात नोंदवण्याचा निर्णय सरकारने २०२५ मध्ये जाहीर केला. तेवढ्यावर समाधान मानून चालणार नाही. ते आकडे जातवार प्रसिद्ध व्हावेत आणि जमीन, घर, शिक्षण, मजुरी यांच्याशी जोडून पाहिले जावेत, हा आग्रह आपल्या चळवळीने धरला पाहिजे. बाबासाहेबांनी १९१८ साली लहान शेतजमिनींच्या प्रश्नावर अर्थशास्त्रीय निबंध लिहिला होता. तो वारसा सांगणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांनी आणि शिक्षकांनी तक्ते वाचायला शिकावे, वस्त्यांत जाऊन ते पडताळावेत. या सामुदायिक संशोधनात आपण केवळ मोजले जाणारे राहू नये. मोजणारेही झाले पाहिजे.