शंका विचारणाऱ्या नायिका

ठाकुर्ली-डोंबिवलीकडच्या इमारतींतून मराठी आणि मल्याळी बिऱ्हाडे भिंतीला भिंत लावून नांदतात. दिवाळीत आपल्याकडून चकल्यांचे ताट जाते, ओणमला त्यांच्याकडून पायसम येते. परंतु ह्या देवाणघेवाणीत पुस्तके मात्र सहसा नसतात. वास्तविक दोन्ही भाषांतील कादंबरीची कुळकथा विलक्षण जुळती आहे. बाबा पदमनजींच्या 'यमुनापर्यटना'ने १८५७ साली विधवांचे दुःख वेशीवर टांगले. ओ. चंतु मेनन ह्यांच्या 'इंदुलेखे'ने १८८९ साली, एका धनाढ्य नंबूदिरीला तोंडावर नकार देणारी शिकलेली मुलगी मल्याळी वाचकांपुढे उभी केली. पुढे त्रिचूरच्या कॉलेजात शिकवणारे जोसेफ मुंडश्शेरी टीकाकार म्हणून गाजले, त्यांनी 'प्रोफेसर' ह्या नावाचीच कादंबरी लिहिली, आणि १९५७ साली ते केरळचे शिक्षणमंत्री झाले. प्राध्यापकाने कादंबरी लिहावी आणि तीत शिक्षणाचा, स्त्रीचा, समाजाचा प्रश्न मांडावा ही परंपरा तिकडे आहे तशी इकडेही आहे. आपल्याकडे तिचे आद्य आणि आदरणीय नाव म्हणजे वामन मल्हार जोशी.

वामनरावांविषयी बहुतेक वाचकांचे मत न वाचताच बनलेले असते. 'तत्त्वचिंतक कादंबरीकार' असे एक बिरूद शाळेतच त्यांच्या गळ्यात अडकवून दिले जाते, आणि 'तत्त्वचिंतक' म्हटला की सामान्य वाचक त्याला लांबूनच नमस्कार करतो. ह्या नमस्काराने वामनरावांची जेवढी उपेक्षा झाली तेवढी निंदेनेही झाली नसती.

त्यांचा जन्म १८८२ सालचा, कुलाबा जिल्ह्यातील तळे गावचा. तत्त्वज्ञान घेऊन ते एम्. ए. झाले. त्या काळी ह्या पदवीवर सरकारी नोकरी सुखाने मिळाली असती. पण ते गेले प्रो. विजापूरकरांच्या राष्ट्रीय शाळेत आणि 'विश्ववृत्त' मासिकाच्या कामात. त्या मासिकात १९०८ साली पं. सातवळेकरांचा वैदिक प्रार्थनांच्या तेजस्वितेवरील लेख छापला गेला. सरकारला त्यात राजद्रोह दिसला आणि वामनरावांना तीन वर्षांची सक्तमजुरी झाली. इतका मऊ स्वभावाचा, दोन्ही बाजू ऐकून घेतल्याशिवाय पाऊल न उचलणारा माणूस तुरुंगात गेला, आणि बाहेर आला तो कडवट होऊन नव्हे. १९१५ साली त्यांची 'रागिणी' प्रसिद्ध झाली. तिचे दुसरे नाव 'काव्यशास्त्रविनोद'. कादंबरीला असे नाव देणाऱ्या माणसाने आपला हेतू लपवून ठेवला, असे कोणी म्हणू शकणार नाही!

'रागिणी'चे नवेपण समजण्यासाठी तिच्या अगोदरच्या हरिभाऊ आपट्यांकडे पाहावे. 'पण लक्षात कोण घेतो?'मधील यमू आपली कहाणी सांगते, आणि ती ऐकताना आजही घशाशी आवंढा येतो. परंतु यमू सोसते; तिचे बळ तिच्या अश्रूंत आहे. वामनरावांच्या रागिणीलाही नवऱ्याच्या संशयी स्वभावाचे चटके बसतात, तीही पातिव्रत्याचा जुना मार्ग सोडीत नाही. मात्र तिच्या शेजारी त्यांनी उत्तरा बसवली आहे. उत्तरा विचारते. स्त्रीचे कर्तव्य कोणी ठरवले, पुरुषाला ते का लागू नाही, सोसण्याला पुण्य म्हणायचे ते कशाच्या आधारावर? हरिभाऊंनी वाचकाच्या डोळ्यांत पाणी आणले. वामनरावांनी त्याला उत्तर द्यायला लावले. मराठी कादंबरीतील स्त्री रडण्यातून बोलण्याकडे आली, ती येथे.

पुढे वामनराव अण्णासाहेब कर्व्यांच्या संस्थेत प्राध्यापक झाले आणि आयुष्याची उमेदीची वर्षे त्यांनी तेथेच वेचली. १९१६ साली स्थापन झालेल्या ह्या महिला विद्यापीठात मातृभाषेतून शिक्षण दिले जाई. ह्याचे महत्त्व आपण पुरेसे ओळखले नाही. इतर कॉलेजांतील प्राध्यापक इंग्रजीत व्याख्यान देत आणि घरी येऊन मराठीत लिहीत. वामनरावांना ज्या भाषेत लिहायचे त्याच भाषेत वर्गात बोलायचे होते, आणि तेही ज्यांच्या आया-आज्यांना अक्षरओळखही नव्हती अशा मुलींपुढे. 'नीतिशास्त्रप्रवेश' आणि 'सॉक्रेटिसाचे संवाद' ही पुस्तके ह्याच काळातली. अवघड विचार सोप्या, घरगुती मराठीत सांगण्याची त्यांची हातोटी पुस्तकी नाही. ती समोरच्या चेहऱ्यावरचा गोंधळ पाहून कमावलेली आहे.

ह्या कादंबऱ्यांतला प्रश्न दर वेळी पुढे सरकतो. 'आश्रमहरिणी'त पुराणकाळाचा पडदा उभारून त्यांनी पुनर्विवाहाचा विचार केला. १९३०च्या 'सुशीलेचा देव'मध्ये नायिकेची देवाविषयीची कल्पनाच बदलत, उंचावत जाते. मूर्तीपासून निघालेली ही श्रद्धा नैतिक ध्येयापर्यंत पोचते. देव गमावून नास्तिक झालेली किंवा देवाला शरण जाऊन सुखी झालेली नायिका रंगवणे सोपे असते. देवाला आपल्याबरोबर वाढवीत नेणारी स्त्री रंगवणे अवघड, आणि ते वामनरावांनी केले. 'इंदु काळे व सरला भोळे' तर सगळी पत्रांतूनच उलगडते. कला आणि नीती ह्यांचे नाते काय, हा तिच्यातला वाद आहे. त्यासाठी पत्राचा घाट त्यांनी निवडला हे फार मार्मिक झाले. कारण पत्रात प्रत्येकाला आपली बाजू मध्येच न अडवता मांडता येते.

आता आक्षेपांकडे वळू. वामनरावांची पात्रे फार बोलतात, हे खरे आहे. कथानकाला गती द्यायची वेळ आली की ते योगायोगाला हाक मारतात, आणि तो बिचारा धावत येतो. त्यांच्या काही पात्रांचे आवाज काढून पाहिले तर एकच सौम्य, विनोदी, चष्मेवाला आवाज ऐकू येतो. ना. सी. फडकेही तत्त्वज्ञान शिकवणारे प्राध्यापकच. पण कादंबरी लिहायला बसताना ते आपला वर्ग दाराबाहेर ठेवून येत. त्यांच्या कादंबरीचा बांधा रेखीव, भाषा चटकदार. ह्या बाबतीत दोघांची तुलना केली तर वामनरावांची कादंबरी ढिली वाटते, हे नाकारण्यात अर्थ नाही.

परंतु एक कसोटी लावून पाहावी. पुस्तक मिटल्यावर काय उरते? फडक्यांची कादंबरी मिटली की सुगंध उरतो. वामनरावांची मिटली की प्रश्न उरतो, आणि तो प्रश्न जेवणाच्या पानावर घरच्या माणसांना विचारावासा वाटतो. विचारालाही स्वतःचे सौंदर्य असते असे ते मानीत. १९४०च्या त्यांच्या लेखसंग्रहाचे नावच 'विचारसौंदर्य' आहे. टीकाकार त्यांना संशयात्मा म्हणत. गीतेने संशयात्म्याचा विनाश सांगितला आहे. पण दुसऱ्याच्या म्हणण्यात तथ्य असेल काय अशी शंका ज्याला येते, त्याच्या हातून अन्याय कमी होतो, हे गीता मानणाऱ्यालाही पटावे. जुन्याचा अभिमानी आणि नव्याचा उपासक ह्या दोघांनाही त्यांच्या कादंबरीत वकील मिळतो, आणि निकाल वाचकावर सोपवला जातो. तुरुंग भोगलेल्या माणसाने आवाज न चढवता लिहावे, ही गोष्ट लहान नव्हे.

१९३० साली मडगावच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले. १९४३ साली ते गेले. त्यानंतरच्या काळात मुली शिकल्या, मिळवत्या झाल्या, उत्तरेचे कित्येक प्रश्न कायद्याने सुटले. पण घरात मतभेद झाला की आवाज चढवायचा किंवा गप्प बसायचे, ह्या दोनच रीती पुष्कळ घरांना अजून ठाऊक आहेत. तिसरी रीत म्हणजे ऐकून घेणे, उलट विचारणे, आणि पटले तर मत बदलणे. 'इंदु काळे व सरला भोळे' ग्रंथालयातून आणावी, एकेकाने एकेक पत्र मोठ्याने वाचावे, आणि कोणाचे बरोबर ह्यावर खुशाल भांडावे. असे भांडण ज्या घरात हसतखेळत होते, तेथे उत्तरेला निराळे घर शोधावे लागत नाही.