'फरक सिद्ध झाला नाही' म्हणजे 'फरक नाही' का? उस्मानाबादचा अभ्यास वाचताना

पेटची तयारी करणारे आम्ही काही जण जळगावात दर रविवारी एक शोधनिबंध घेऊन बसतो. मागच्या वेळी गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरचा उस्मानाबादचा अभ्यास होता. एकीने सारांशात लिहून आणलं होतं, "एचपीव्ही चाचणी प्रभावी, व्हीआयए निरुपयोगी." दुसऱ्याने लगेच मुंबईचा अभ्यास काढला. त्यात त्याच व्हीआयएने मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले होते. दोन्ही अभ्यास महाराष्ट्रातले आणि दोन्हींत टाटा मेमोरियलचा हात. मग खरं कोण?

हा वाद नुसता परीक्षेपुरता नाही. केंद्र सरकारच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये ३० ते ६५ वयाच्या बायकांसाठी दर पाच वर्षांनी व्हीआयएच सांगितलं आहे. म्हणजे चोपडा, यावल, साक्री, शिरपूरच्या आपल्या आया-मावश्यांच्या वाट्याला कागदोपत्री तरी हीच चाचणी येते. तीत गर्भाशयमुखावर पातळ अ‍ॅसेटिक आम्ल लावतात आणि पांढरा डाग उमटतो का ते नुसत्या डोळ्यांनी बघतात. लॅब लागत नाही, निकाल तिथल्या तिथे. एचपीव्ही चाचणीत नमुना घेऊन त्यात विषाणूचा डीएनए शोधतात. त्याला लॅब लागते, वेळ लागतो.

आता अभ्यास. तेव्हाचा उस्मानाबाद, आताचा धाराशिव जिल्हा. बार्शीचं नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल, टाटा मेमोरियल आणि फ्रान्समधल्या लिऑनची आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून तो केला. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी बायका, गावांचे ५२ गट आणि चार प्रकार: एचपीव्ही, पॅप तपासणी, व्हीआयए आणि नेहमीची आरोग्यसेवा. तपासणी एकदाच, पाठपुरावा आठ वर्षं. निबंध २००९ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आला.

आधी एचपीव्हीचा गट पाहू. ३४,१२६ बायकांत १२७ जणींना कर्करोग निघाला, तर तपासणी न झालेल्या ३१,४८८ बायकांत ११८ जणींना. इथे घाईत वाचणारा फसतो. तपासणी झालेल्या गटात कर्करोग कमी कुठे झाले? पण पुढची ओळ वाचा. दुसऱ्या किंवा त्यापुढच्या टप्प्यातले कर्करोग ३९ विरुद्ध ८२, आणि मृत्यू ३४ विरुद्ध ६४. तपासणीने आजार लवकर सापडला, म्हणून एकूण आकडा कमी दिसत नाही. नुसती एकूण रुग्णसंख्या बघितली असती तर हा अभ्यास फसला असं वाटलं असतं.

"मृत्यू अर्ध्यावर आले" हे वाक्य खरं आहे, पण ते दर हजारात मांडून बघा. आठ वर्षांत हजारामागे सुमारे दोन मृत्यू होणार होते, तिथे एक झाला. शिबिराच्या भाषणात "अर्ध्यावर" हा शब्द येतो, "हजारात एक" येत नाही. बजेट मांडणाऱ्याला दोन्ही लागतात. (ज्या घरातली ती एक बाई असते, त्या घराला हजाराशी काही देणंघेणं नसतं, हेही तितकंच खरं.) आणखी एक गोष्ट. प्रत्यक्ष तपासणी गटातल्या सुमारे ८० टक्के बायकांचीच झाली, तरी हिशोबात सगळ्या धरल्या. न आलेल्या वगळल्या असत्या तर अभ्यास प्रामाणिक राहिला नसता, कारण येणाऱ्या आणि न येणाऱ्या बायका सारख्या नसतात.

आता मूळ भांडण. उस्मानाबादमध्ये व्हीआयए गटात ५६ मृत्यू झाले. हॅझर्ड रेशो ०.८६ आणि त्याचा ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल ०.६० ते १.२५. इंटरव्हलमध्ये १ येतो, म्हणून "फरक सिद्ध झाला नाही". आमच्या मैत्रिणीने त्याचं "निरुपयोगी" केलं. पण ०.६० म्हणजे मृत्यूंमध्ये ४० टक्के घट. इतकी घट असण्याची शक्यताही हा अभ्यास नाकारत नाही. मुंबईचा आकडा ०.६९ होता. तो या इंटरव्हलच्या आतच बसतो! तमिळनाडूतल्या दिंडीगुलच्या अभ्यासात ०.६५ आला, तोही आतच. म्हणजे तिघांचं भांडण नाहीच. एक अभ्यास "मला नीट सांगता येत नाही" म्हणतोय आणि दोन "फायदा आहे" म्हणतायत.

नीट का सांगता आलं नाही? बायका लाखभर असल्या तरी चिठ्ठ्या बायकांच्या नव्हे, गावगटांच्या टाकल्या होत्या. प्रत्येक प्रकारात १३ गट. एका गावातल्या बायका एकमेकींसारख्या असतात, म्हणून ३४ हजारांची ताकद खरं तर त्याहून बरीच कमी. मुलाखतीत "सॅम्पल साइझ किती?" विचारलं तर नुसते लाख सांगू नका, गटही सांगा.

फेऱ्यांबद्दल मला आधी वेगळं वाटत होतं. मुंबईत दर दोन वर्षांनी, चार फेऱ्या झाल्या, उस्मानाबादला एकच. मला वाटलं, फरक इथेच आहे. पण दिंडीगुललाही एकच फेरी होती आणि तिथे फायदा दिसला. तेव्हा माझं सोपं स्पष्टीकरण गेलं. व्हीआयए डोळ्यांवर अवलंबून असते, तपासणारी किती मुरलेली आहे यावर बरंच ठरतं. एक मात्र खटकतं: मुंबईचा पुरावा दोन वर्षांच्या फेऱ्यांचा आणि सरकारी कार्यक्रम पाच वर्षांचा. मुंबईचे ३१ टक्के तसेच्या तसे इथे लावता येत नाहीत.

आता अवघड प्रश्न. त्या ३१,४८८ बायकांचं काय, ज्यांच्यापर्यंत अभ्यासाने तपासणी नेली नाही? यावर इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्समध्ये कडक टीका झाली आहे. पॅप तपासणीने हा कर्करोग रोखता येतो हे जगाला माहीत असताना असा गट ठेवायचाच कशाला? बचाव असा की गावात तपासणी नव्हतीच, कुणाची काढून घेतली नाही. त्याहून जोरकस मुद्दा निकालातच आहे. उस्मानाबादमध्ये पॅप तपासणीचाही फायदा सिद्ध झाला नाही, रेशो ०.८९. म्हणजे परदेशात चालतं ते इथे एका फेरीत चालेलच असं नव्हतं. तरीही मला हा बचाव पुरेसा वाटत नाही. एखादी सेवा नसणं ही त्या बायकांची निवड नव्हती, आणि निकाल लागल्यावर ती सेवा त्यांच्या दारात आणायची जबाबदारी कुणीतरी लेखी घ्यायला हवी होती. २००९ मध्ये एचपीव्ही चाचणी सरस ठरली, तीही आपल्याच मातीत. सात वर्षांनी आलेल्या सूचनांत व्हीआयए आहे.

अर्थात उद्या जळगाव-धुळ्यात एचपीव्ही चाचणी आणली तर उस्मानाबादचा निकाल आपोआप मिळेल असंही नाही. तिथे घरोघर जाणाऱ्या कार्यकर्त्या होत्या, मागे बार्शीचं हॉस्पिटल होतं, पॉझिटिव्ह निघालेल्या बाईला पुढे नेणारी माणसं होती. निकाल त्या सगळ्याचा आहे, एकट्या चाचणीचा नाही. चाळीसगाव-साक्रीकडची बाई दिवाळीनंतर ऊसतोडीला जाते. नमुना ऑक्टोबरमध्ये घेतला आणि रिपोर्ट डिसेंबरात आला, तर तो कुणाच्या हातात द्यायचा? अशा बाईसाठी त्याच दिवशी निकाल देणारी व्हीआयए चांगली, की तिने स्वतःच नमुना घ्यायची एचपीव्ही चाचणी, यावर खान्देशात कुणी पीएचडी करायला बसलं तर त्याने "किती जणींची तपासणी झाली" हा रकाना दुसरा ठेवावा. पहिला रकाना: पॉझिटिव्हपैकी किती जणींवर तीन महिन्यांत उपचार झाले.