पाण्याने घडवलेलं

मंगळवेढ्याच्या काळ्या मातीत मालदांडी ज्वारी नुसत्या मुरलेल्या ओलीवर उभी राहते. इथल्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. ओल धरणारी ही माती म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा झिजलेला काळा कातळ. तोच कातळ न झिजता पाण्याशी कसा वागतो, हे पाहायचं तर स्टिल्बाइट आणि अ‍ॅपोफिलाइट जोडीने असलेला दगड हातात घ्यावा.

आधी काळी कड पाहा. लाव्हा थिजताना वायूचे बुडबुडे अडकले, पोकळ्या झाल्या. पुढे कातळात झिरपणाऱ्या ऊन पाण्याने त्यांच्या भिंतींवर खनिजं चढवली. आधी बसला तो स्टिल्बाइट. फिकट गुलाबी-नारिंगी, मधे आवळलेला, दोन्ही टोकांना फुललेला, अगदी कडब्याच्या पेंढीसारखा. त्यात अजूनही पाणी आहे. १७५६ मध्ये क्रोन्स्टेट या स्वीडिश खनिजतज्ज्ञाने या कुळातलं खनिज तापवलं, तेव्हा ते उकळी आल्यागत फसफसलं.

त्याच्यावर रोवून उभा अ‍ॅपोफिलाइट, म्हणजे तो मागाहून आलेला. चौकोनी खांब, बाजू पारदर्शक. माथा सपाट असेल तर त्यावर मोतिया झळाळी. दगड सावकाश फिरवत राहावा. एका कोनात सगळा उजेड त्या माथ्यावर गोळा होतो, आणि मला दर वेळी तिथेच थांबावंसं वाटतं.

पुण्याच्या पाषाण भागातल्या खाणींतला अ‍ॅपोफिलाइट हिरवा, तो लेशमात्र व्हॅनेडियममुळे. जर्मनीतल्या हार्ट्झ पर्वतात, सांक्ट आंद्रेआसबेर्गच्या जुन्या चांदीच्या खाणींत हेच खनिज गुलाबी सापडलं. तिथली सामसन खाण १९१० मध्ये बंद झाली. तो गुलाबी अ‍ॅपोफिलाइट संग्राहक आजही जपतात. तिथे चांदीच्या मागे जाणाऱ्यांना तो भेटला. आपल्या या कातळात चांदीची शीर नाही. विहिरीसाठी किंवा खडीसाठी सुरुंग उडतो, तेव्हा पोकळी उघडते. बरंचसं क्रशरमध्ये जातं, याची हळहळ वाटते.

कातळापासून सोडवून विकलेला सुटा स्फटिक मला अपुरा वाटतो. कोण आधी बसलं, कोण नंतर, हे त्यावरून कळत नाही. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात गेलात तर मूळ दगडासकट असलेल्या नमुन्यांपाशी जास्त वेळ द्या.