तुकोबांच्या पुलावरून पलीकडे

वाचकहो, रेव्हरंड नारायण वामन टिळक हे नाव आपल्यापैकी पुष्कळांनी शाळेच्या पुस्तकात कवी म्हणून वाचले असेल. १८६१ साली कोकणातल्या ब्राह्मण घरात जन्मलेले हे गृहस्थ १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेऊन ख्रिस्ती झाले आणि १९१९ साली वारले. आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत. त्यांनी ख्रिस्तावर अभंग रचले आणि ते मराठी मंडळ्यांतून टाळमृदंगाच्या साथीने गायले गेले.

हे ऐकून कोणाला अभिमान वाटतो, तर कोणाला राग येतो. दोन्ही भावना क्षणभर बाजूला ठेवून त्या 'पूल' या शब्दाकडे आपण नीट पाहू.

पूल ओलांडायचा असतो. त्यावर कोणी घर बांधत नाही. टिळकांच्या या उपमेत तुकोबा थोर आहेत, परंतु ते मधले आहेत. मुक्काम पलीकडे आहे. आपल्या संप्रदायात संत म्हणजे वाटेतला टप्पा नव्हे. देव आणि संत यांच्यात आपण अंतर मानत नाही, म्हणून पालखीत पादुका संतांच्या असतात आणि वाट पंढरीची असते. तेव्हा ही उपमा आपल्याला मान्य होण्यासारखी नाही, हे मोकळेपणाने सांगावे. पण पूल ओलांडणाऱ्याने जाताना इकडचे काय नेले, हेही पाहिले पाहिजे. टिळकांनी अभंगाचा छंद नेला. देवाशी लेकराच्या हक्काने बोलण्याची रीत नेली. ख्रिस्ताला त्यांनी गुरू म्हणून आळवले, तसेच आई म्हणूनही आळवले. ही माउली त्यांना कोठे भेटली असेल, हे वारकऱ्याला सांगायला नको.

आता पलीकडच्या तीरावर काय आहे ते पाहू. ख्रिस्ती धर्मशास्त्राचा गाभा थोडक्यात असा: देवाने माणूस आपल्या प्रतिरूपात निर्माण केला, माणसाने पाप करून देवाशी असलेले नाते तोडले, ते नाते स्वतःच्या पुण्याईने जोडण्याची ताकद माणसात नाही, म्हणून देव स्वतः ख्रिस्ताच्या रूपाने देहात आला आणि क्रुसावर त्याने ते ओझे उचलले. तारण म्हणजे देणगी. ते कमावता येत नाही. यातूनच त्यांचा नीतिविचार निघतो. ज्याला फुकट क्षमा मिळाली त्याने दुसऱ्याला क्षमा केली पाहिजे, वैऱ्यालासुद्धा. आणि भुकेल्याला, आजाऱ्याला, कैद्याला जे दिले ते ख्रिस्तालाच पोचले, असे मत्तयाच्या शुभवर्तमानात आहे.

आपणही स्वतःला पतित म्हणतो आणि कृपा मागतो. नाथमहाराजांनी रामेश्वराला न्यायच्या कावडीतले गंगाजल तहानेने तडफडणाऱ्या गाढवाला पाजले, ही कथा आपल्या लहान मुलांनाही माहीत असते. पण दोन्हीकडचे कारण वेगळे आहे. नाथांना त्या गाढवातच देव दिसला. ख्रिस्ती माणूस सृष्टीला देव म्हणणार नाही. तो म्हणेल, हा देवाने घडवलेला आहे, आणि देवाने मला प्रेमाची आज्ञा दिली आहे. एकाची दया अभेदातून येते, दुसऱ्याची आज्ञेतून आणि कृतज्ञतेतून. कृती मात्र एकच घडते: तहानलेल्याच्या तोंडी पाणी पडते.

श्रद्धेने माणसाची नैतिक दृष्टी बदलते म्हणजे नेमके काय होते, हे पाहायचे असेल तर टिळकांच्या कवितेपेक्षा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांची 'स्मृतिचित्रे' वाचावीत. मराठीतले हे अत्यंत प्रांजळ आत्मचरित्र आहे. बाईंचे वडील सोवळ्याने इतके झपाटलेले होते की बाजारातून आलेला जिन्नस धुतल्याखेरीज घरात घेतला जात नसे, मीठसाखरही त्यातून सुटत नसे. अशा घरातली ही मुलगी. नवरा ख्रिस्ती झाल्यावर त्या काही वर्षे त्यांच्यापासून दूर राहिल्या. त्या काळात पंढरपुरातही त्यांचे वास्तव्य झाले. पुढे नवऱ्याकडे परतल्या तरी चूल आणि पाणी वेगळे ठेवले. टिळकांनी सक्ती केली नाही. मग एके दिवशी त्यांच्या मनात साधा प्रश्न उभा राहिला: या जाती देवाने केल्या की माणसाने? देवाने केल्या असत्या तर पशूपक्ष्यांच्या जातींसारख्या त्या देहावर दिसल्या नसत्या का? उत्तर मिळाले आणि त्यांनी कोणाच्याही हातचे खायचे-प्यायचे ठरवले. हे घडले ते बाप्तिस्म्याच्या आधी. बाप्तिस्मा १९०० साली झाला.

या प्रसंगावर ख्रिस्ती वाचक म्हणेल की हा ख्रिस्ताचा प्रभाव. तसे म्हणण्याचा त्याला अधिकार आहे. पण वाचकहो, आपल्याला त्याहून बोचणारा प्रश्न आहे. जातीचा अभिमान देवाला चालत नाही, ही गोष्ट आपल्या संतांनी शतकानुशतके सांगितली. चोखोबांची समाधी त्याच पंढरपुरात महाद्वारासमोर आहे. मग त्या गावात राहूनही त्या बाईंना हे उत्तर तेथे का मिळू नये?

कारण तेव्हा आपण चोखोबांचे अभंग गात होतो आणि चोखोबांच्या लेकरांना देवळाच्या बाहेर ठेवत होतो. वाळवंटात उराउरी भेट होती, गाभाऱ्यापाशी नव्हती. विठ्ठलाचे दार सर्वांना उघडावे म्हणून साने गुरुजींना १ मे १९४७ पासून पंढरपुरात, तनपुरे महाराजांच्या मठात उपोषणाला बसावे लागले. दहा दिवसांनी ते सुटले. लक्ष्मीबाईंच्या त्या निर्णयानंतर हे व्हायला जवळजवळ अर्धे शतक गेले. शिकवण आपल्या घरात होती, आपण ती गळ्यापर्यंत ठेवली, हातापर्यंत येऊ दिली नाही. त्यात 'ज्याचे त्याचे प्रारब्ध' हे वाक्य आपल्या सोयीचे ठरले. प्रारब्धाचा विचार स्वतःचे दुःख सोसण्यासाठी आहे. दुसऱ्याचे दुःख पाहून वाट बदलण्यासाठी तो वापरला की त्याचे पाप होते.

पलीकडच्या तीरावरही सगळे स्वच्छ नाही, हेही खरे. गोव्यात बाप्तिस्मा झाला तरी जाती राहिल्या. तारणाचे दार एकच, या सिद्धांतातून दुसऱ्याच्या भक्तीविषयी तुच्छता उपजू शकते आणि ती उपजलेली इतिहासात दिसते. स्वतः टिळकांनाही परदेशी साच्यातला ख्रिस्त पुरेना. १९१७ साली ते मिशनच्या नोकरीतून बाहेर पडले आणि साताऱ्यास त्यांनी 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्यात जागा होती. ओलांडलेला पूल त्यांनी तोडला नाही, एवढे श्रेय त्यांना दिले पाहिजे.

तर मग श्रद्धा माणसाला नीतिमान करते का? टिळकांचे अभंग आणि लक्ष्मीबाईंची 'स्मृतिचित्रे' वाचून मला वाटते ते असे: श्रद्धा बी देते. जमीन नांगरण्याचे काम ज्याचे त्याने करायचे असते. माळ असो की बाप्तिस्मा, दोन्ही पेरणीच्या खुणा आहेत. पीक आले की नाही, हे शेजाऱ्याच्या घरी कळते.

येत्या आषाढीला नामदेव पायरीशी आपण माथा टेकवाल, तेव्हा चोखोबांच्या समाधीपाशी थोडे थांबा. आपल्या गावात, आपल्या दिंडीत, आपल्या पंगतीत आज कोण बाहेर उभे आहे, हा प्रश्न तेथे स्वतःला विचारा. तुकोबा पूल नाहीत असे आपण म्हणतो. ते आपले घर असतील, तर त्या घराचे दार उघडे ठेवणे आपल्याच हाती आहे.

राम कृष्ण हरी.